खाज सुटते तेव्हा त्वचेत काय घडते

जानेवारी २०२५ च्या अखेरीस ‘सायन्स’ या नियतकालिकात खाजवण्याविषयी एक संशोधन प्रसिद्ध झाले आणि त्याच्या बातम्या जगभर झळकल्या. पण त्या वाचून सामान्य वाचकाचा गोंधळच उडावा अशी स्थिती होती. काही बातम्यांत म्हटले होते की खाजवल्याने सूज वाढते, तर काहींत म्हटले होते की खाजवल्याने त्वचेवरचे जंतू कमी होतात, आणि गंमत अशी की ही दोन्ही विधाने त्याच एका संशोधनातली होती. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातील त्वचाविकारतज्ज्ञ डॅनियल कॅप्लन यांच्या गटाने उंदरांच्या कानांवर ॲलर्जी उत्पन्न करणारे रसायन लावले आणि काही उंदरांच्या गळ्यात, शस्त्रक्रियेनंतर कुत्र्यामांजरांना घालतात तशी, शंकूच्या आकाराची कॉलर घातली, जेणेकरून त्यांचे पाय कानापर्यंत पोहोचू नयेत. रसायन सर्वांना सारखेच लावले होते, तरीही ज्यांना खाजवता आले नाही त्यांचे कान बरेच कमी सुजले.

नखांनी कातडी ओरबाडणे ही निव्वळ यांत्रिक क्रिया आहे आणि ॲलर्जीची सूज हे शरीराच्या प्रतिकारसंस्थेचे काम आहे. मग एकीमुळे दुसरी कशी वाढते? या प्रश्नाचे उत्तर त्वचेतल्या मज्जातंतूंपाशी मिळते. इसब, सोरायसिस, नागीण आणि कुष्ठरोग अशा वरवर वेगवेगळ्या दिसणाऱ्या आजारांतल्या बऱ्याच गोष्टीही त्यामुळे उलगडतात.

त्वचेत कोण कोण असते

त्वचेचे ढोबळमानाने दोन थर असतात. वरच्या पातळ थरात रक्तवाहिन्या नसतात, परंतु मज्जातंतूंची अगदी बारीक टोके त्या थरातही शिरलेली असतात. या तंतूंच्या मूळ पेशी त्वचेत नसून पाठीच्या कण्यालगतच्या पुंजक्यांत असतात, त्यामुळे पायाच्या अंगठ्याला काटा टोचल्याचे कळवणारी एकच पेशी कंबरेपासून अंगठ्यापर्यंत जवळपास मीटरभर लांब असू शकते. खालच्या जाड थरात रक्तवाहिन्या असतात आणि त्यांच्या व मज्जातंतूंच्या अगदी लगत मास्ट पेशी बसलेल्या असतात. या पेशींच्या पोटात हिस्टामीनसारख्या रसायनांचे कण ठासून भरलेले असतात. त्याखेरीज पूर्वी भेटलेले जंतू ओळखणाऱ्या टी पेशीही त्वचेत असतात. एका प्रौढ माणसाच्या त्वचेत त्यांची संख्या सुमारे २००० कोटी, म्हणजे संपूर्ण रक्तात असतात त्याच्या जवळपास दुप्पट भरते.

मज्जातंतू आणि प्रतिकारसंस्थेच्या पेशी (मास्ट पेशी व टी पेशी याच गटातल्या) हे दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की त्यांना वेगळे ओळखण्यात शास्त्रज्ञांचीही फसगत झाली होती. १८६८ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याला त्वचेच्या वरच्या थरात फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्या आकारामुळे त्याने त्यांना मज्जासंस्थेच्या पेशी मानले. त्या प्रत्यक्षात प्रतिकारसंस्थेच्या पेशी आहेत हे कळायला शंभरहून अधिक वर्षे जावी लागली. त्याचा अंदाज चुकला खरा, पण अगदीच वाया गेला नाही: १९९३ मध्ये असे आढळले की मज्जातंतूंची टोके या पेशींना प्रत्यक्ष चिकटलेली असतात आणि त्यांच्या कामावर नियंत्रणही ठेवतात.

जंतू नसताना होणारा दाह

दाह म्हणजे त्वचा लाल होणे, गरम होणे, सुजणे आणि दुखणे. शाळेत आपण शिकतो की जंतू शिरले किंवा जखम झाली की दाह होतो. मात्र ठेच्यासाठी मूठभर लवंगी मिरच्या निवडल्यावर बोटांची जी आग होते, तेथे ना जंतू असतो ना जखम. तरीही कातडी गरम वाटते आणि नाजूक जागी, उदाहरणार्थ चुकून हात लागलेल्या पापणीवर, ती लालबुंद होऊन सुजतेसुद्धा. मिरचीतील कॅप्सेसिन हे रसायन मज्जातंतूंवरच्या एका विशिष्ट ग्राहकावर बसते. ग्राहक म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचे असे प्रथिन, ज्यावर ठरावीक रसायन बसले की पेशीच्या आत हालचाल सुरू होते. मिरचीचा हा ग्राहक एरवी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेने उघडतो, म्हणूनच मिरची लागल्यावर भाजल्यासारखे वाटते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह मिळाले.

आग कळवणे हे तर मज्जातंतूचे नेहमीचेच काम झाले. लाली आणि सूज कोठून येते? ती आणतो तोच मज्जातंतू. एका तंतूला त्वचेत अनेक फांद्या असतात. एका फांदीत उठलेला संकेत मेंदूच्या दिशेने जातो, पण वाटेत दुसऱ्या फांद्यांत वळून पुन्हा त्वचेकडेही उतरतो आणि तेथील टोकांतून दोन प्रमुख रसायने बाहेर पडतात. त्यांपैकी सीजीआरपी रक्तवाहिन्या रुंद करते, त्यामुळे लाली आणि ऊब येते. सब्स्टन्स पी रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी झिरपू देते, त्यामुळे सूज येते, शिवाय ते मास्ट पेशींनाही चेतवते. ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसलेला राखणदार पाखरे आली की वस्तीकडे हाक देतो आणि त्याच वेळी स्वतः गोफणही फिरवतो. त्वचेतला मज्जातंतू असा आहे. वैद्यकशास्त्र बराच काळ फक्त त्याची हाक ऐकत राहिले.

हे तर्काने मांडलेले चित्र नाही, त्याला प्रयोगाचा भक्कम आधार आहे. हंगेरीतील सेगेद येथे मिक्लोश यांचो यांनी उंदरांच्या पायाकडे जाणारे मज्जातंतू कापले आणि ते पूर्णपणे झिजून गेल्यावर त्या पायाला दाहक पदार्थ लावले, तेव्हा नेहमीचा दाह उमटलाच नाही. त्यांचा हा पुरावा १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला.

स्वतःच्या हातावरही याची खूण पाहता येते. पेनाच्या टोपणाच्या कडेने मनगटाच्या आतल्या बाजूला जरा जोर देऊन रेघ ओढली, तर आधी नेमकी रेघेपुरती लाली येते, मग अर्ध्या-एक मिनिटात रेघेच्या बाहेरही लालसर छटा पसरते आणि काही जणांत रेघ फुगून वर येते. लंडनचे वैद्य थॉमस लुईस यांनी १९२० च्या दशकात या तीन पायऱ्यांचे बारकाईने वर्णन केले. रेघेच्या बाहेर पसरणारी छटा ही वर सांगितलेल्या फांद्यांची करामत असते, कारण टोपण तेथे टेकलेलेच नसते.

उलट दिशेचा निरोप आणि सेटिरिझिनची मर्यादा

प्रतिकारसंस्थाही मज्जातंतूंशी तितकीच बोलते. अंगावर पित्त उठते तेव्हा मास्ट पेशी फुटून हिस्टामीन बाहेर पडते. ते मज्जातंतूंवर बसते, खाज सुटते आणि गांधी उठतात. हिस्टामीनचा मार्ग अडवणारी सेटिरिझिनसारखी गोळी येथे चांगली लागू पडते. मात्र तीच गोळी इसबाचे रुग्णही महिनोन्महिने घेतात आणि खाज थांबत नाही म्हणून औषधाला, डॉक्टरांना किंवा स्वतःच्या पथ्याला दोष देत राहतात. दोष यांपैकी कोणाचाच नसतो, कारण तेथील खाज बहुतांशी हिस्टामीनच्या मार्गाने येतच नाही.

हिस्टामीनखेरीज दुसरा मार्ग आहे याचा उत्तम दाखला सह्याद्रीच्या रानात मिळतो. पावसाळ्यानंतर खाजकुयलीच्या वेलावर वाकड्या, सोनेरी-तपकिरी लव असलेल्या शेंगा धरतात, आणि त्यांची कुसे अंगावर उडाली की माणूस अक्षरशः कासावीस होतो. या कुसांत म्युक्युनेन नावाचे प्रथिने तोडणारे विकर असते. ते मज्जातंतूंवरच्या एका वेगळ्या प्रकारच्या ग्राहकाचा तुकडा पाडते आणि त्यामुळे तो ग्राहक चेतवला जातो. या सगळ्यात हिस्टामीनचा जवळजवळ काहीच भाग नसतो, त्यामुळे त्याविरुद्धची गोळी येथे कुचकामी ठरते. हिस्टामीनशिवाय सुटणाऱ्या खाजेचा अभ्यास करण्यासाठी प्रयोगशाळांत स्वयंसेवकांच्या हातावर हीच कुसे मोजून टोचतात.

इसबात हे काम प्रामुख्याने सायटोकाइन करतात. सायटोकाइन म्हणजे प्रतिकारपेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात ती प्रथिने. त्यांतले इंटरल्युकिन-३१ मज्जातंतूंवर बसून थेट खाज उठवते. इंटरल्युकिन-४ आणि १३ यांची तऱ्हा निराळी आहे: ती मज्जातंतूंना इतके हळवे करून ठेवतात की एरवी जाणवलाही नसता असा लोकरीचा स्पर्श किंवा घामाचा ओघळही असह्य होतो. मज्जातंतूंवर या निरोपांचे ग्राहक असतात आणि ते थेट काम करतात हे २०१७ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधकांनी दाखवले. प्रतिकारपेशींच्या आपसातल्या बोलण्याला मज्जातंतू केवळ बळी पडत नाहीत, ते बोलणे त्यांना समजते, असा त्याचा अर्थ होतो.

मग खाजवावे की नाही

खाजवल्यावर बरे वाटते, हा भास नसतो. नखांनी सौम्य वेदना होते आणि वेदनेचे संकेत पाठीच्या कण्यातच खाजेचे संकेत दाबतात. परंतु पिट्सबर्गच्या प्रयोगात दिसले ते असे की वेदना कळवणारे हेच तंतू त्याच वेळी त्वचेत सब्स्टन्स पी सोडतात आणि ते ॲलर्जीने आधीच चेतलेल्या मास्ट पेशींना दुसरा धक्का देते. ॲलर्जीचा एक धक्का आणि सब्स्टन्स पीचा दुसरा, असे दोन्ही एकत्र आले की सूज कितीतरी अधिक येते. शिवाय ओरबाडलेल्या वरच्या थरातल्या पेशी स्वतःच धोक्याची रसायने सोडतात आणि त्यांतली काही पुन्हा मज्जातंतूंना चेतवतात. खाज, खाजवणे, दाह आणि अधिक खाज असे हे चक्र चालू राहते, म्हणून रात्रभर झोपेत खाजवणाऱ्या मुलाला ‘हात आवर’ असे रागावून सांगण्यात फारसा अर्थ नसतो.

खाजवणे इतके घातक असेल तर ते उत्क्रांतीत टिकले कसे, हा आक्षेप रास्त आहे. त्याच संशोधनात खाजवू शकणाऱ्या उंदरांच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूची संख्या कमी झालेली आढळली, म्हणजे चेतलेल्या मास्ट पेशी जंतूंचा बंदोबस्तही करत होत्या. गोचीड किंवा पिसू झटकून टाकणे हा उपयोग तर उघडच आहे. तात्पुरत्या संकटात उपयोगी पडणारी ही व्यवस्था इसबासारख्या वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारात मात्र अंगावर उलटते, आणि म्हणूनच ‘खाजवणे आरोग्यदायी’ अशा थाटाचे मथळे मला बेजबाबदार वाटले. प्रयोग उंदरांवरचा होता, आणि इसब झालेल्या माणसाच्या तुटक्याफुटक्या त्वचेवर हा जिवाणू आधीच ठाण मांडून बसलेला असतो.

तो जिवाणू खाज सुटण्याची वाटही पाहत नाही. २०२३ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातील आयझॅक च्यू यांच्या गटाने दाखवले की स्टॅफिलोकॉकस ऑरियस व्ही-८ नावाचे विकर सोडतो आणि ते प्रतिकारसंस्थेच्या मध्यस्थीशिवाय थेट मज्जातंतूंना चेतवून खाज उठवते. खाजकुयली जी युक्ती वापरते तीच थोड्या फरकाने येथेही आहे.

मज्जातंतू बधिर करून टाकले तर?

दाहात मज्जातंतूंचा हात असेल तर त्यांना गप्प करावे, असे वाटणे साहजिक आहे. सोरायसिसच्या काही रुग्णांत अपघाताने किंवा शस्त्रक्रियेने एखाद्या भागाचे मज्जातंतू तुटले तेव्हा तेवढ्याच भागातले चट्टे नाहीसे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. पण मज्जातंतू नेहमी आग भडकवतातच असे नाही. कँडिडा बुरशीच्या बाबतीत उंदरांत ते प्रतिकाराला बळ देतात, इतकेच नव्हे तर शेजारच्या, अजून संसर्ग न पोहोचलेल्या त्वचेलाही आगाऊ सज्ज करतात. याउलट मांस सडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गात हाच सीजीआरपी श्वेतपेशींना रोखून धरतो आणि जिवाणूचे फावते. जखम भरण्याच्या बाबतीतही मज्जातंतू हवेच असतात: ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले की सीजीआरपीमुळे जखमेतल्या श्वेतपेशी वेळेवर आवरत्या घेतल्या जातात आणि ऊती भरून येते. मधुमेहात पायाचे मज्जातंतू झिजल्यावर साधी जखमही का चिघळत राहते, हे यावरून काही अंशी समजते. पायाला लागलेले कळत नाही, हे तर त्याचे अधिक ठळक कारण आहेच.

बधिर त्वचेचे सर्वांत कठोर उदाहरण कुष्ठरोगाचे आहे. वरोऱ्याजवळ आनंदवनाची स्थापना झाली तेव्हा या रोगाभोवती जी भीती होती, ती झडलेल्या बोटांची आणि भरून न येणाऱ्या व्रणांची होती. पण ती बोटे जंतू थेट खात नाही. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंना वेढणाऱ्या आवरणपेशींत मुक्काम करतो आणि प्रतिकारसंस्था त्याच्यावर हल्ला करते तेव्हा घरासकट, म्हणजे मज्जातंतूसकट, हल्ला करते. त्यामुळे त्या भागातली संवेदना जाते, चुलीचा चटका किंवा चपलेतला खिळा कळत नाही, आणि पुढचे नुकसान त्यातून होते. जंतू मारणारी औषधे चालू असतानाही प्रतिकारसंस्था अचानक खवळून मज्जातंतू सुजू शकतात. अशा वेळी मूळ औषध न थांबवता डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टिरॉइड देऊन मज्जातंतू वाचवावा लागतो. उशीर महागात पडू शकतो, त्यामुळे हात किंवा पाय दुखू अथवा लुळा पडू लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

निदानासाठीही पूर्वी लुईस यांच्या त्या पसरत्या छटेचाच उपयोग करत. संशयित चट्ट्यावर हिस्टामीनचा थेंब ठेवून हलकेच टोचले की निरोगी त्वचेवर भोवताली लाली पसरते. मज्जातंतू निकामी झालेल्या चट्ट्यावर गांध उठते, पण लाली पसरत नाही. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर ही लाली नीट दिसत नसल्याने ही चाचणी मागे पडली आणि कापसाच्या बोळ्याने संवेदना तपासणे हीच पद्धत सोयीची ठरली. फिकट किंवा लालसर, न खाजणारा आणि स्पर्श न कळणारा चट्टा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. तेथे तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत होतात.

नागिणीची गोष्ट याच्या जवळची आहे. कांजिण्यांचा विषाणू लहानपणी कण्यालगतच्या मज्जापुंजक्यांत शिरून दडून बसतो आणि टी पेशी त्याला तेथेच दाबून ठेवतात. वय, आजार किंवा औषधांमुळे तो पहारा सैल पडला की तो एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकत्र आले की माणूस दगावतो, असे अजूनही ऐकू येते. प्रत्यक्षात तसे जवळजवळ कधीच घडत नाही, कारण त्या मज्जातंतूचा इलाखा शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो. गेरूचा लेप देत बसण्यात मात्र खरा तोटा होतो. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून पहिल्या ७२ तासांत सुरू करायच्या असतात, आणि नंतर महिनोन्महिने राहणारी वेदना प्रामुख्याने उतारवयातल्या रुग्णांना सतावते.

ताणाने वाढते, मग ते मनाचेच ना?

परीक्षेच्या किंवा घरातल्या कटकटींच्या दिवसांत इसब उसळतो हा अनेकांचा अनुभव आहे आणि त्यावरून ‘हे सगळे मनाचे आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष मान्य करण्यासारखा नाही. ताणाच्या वेळी मज्जासंस्था आणि ग्रंथी जी रसायने सोडतात, त्यांचे ग्राहक मास्ट पेशी आणि टी पेशींवरही असतात, त्यामुळे ताणाचा परिणाम थेट त्वचेतल्या पेशींवर होतो. रात्री खाज वाढते त्यालाही शारीरिक कारणे आहेत: दाह आवरणारे कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, अंथरुणात त्वचा उबदार होते आणि लक्ष गुंतवायला काही उरत नाही. ताण कमी केल्याने मदत होते, परंतु केवळ ध्यानधारणेने इसब बरा होईल असे रुग्णाला सांगणे म्हणजे त्याच्यावर आजाराबरोबर अपराधाचेही ओझे लादणे होय.

औषधे कोठे घाव घालतात

इसबासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ड्युपिल्युमॅब हे इंजेक्शन इंटरल्युकिन-४ आणि १३ यांचा निरोप अडवते. नेमोलिझुमॅब हे इंटरल्युकिन-३१ चा ग्राहक झाकते. त्याला जपानमध्ये २०२२ आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. इंटरल्युकिन-३१ अडवणारे इंजेक्शन कुत्र्यांना माणसांच्या कितीतरी आधी मिळाले होते, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. जॅक नावाच्या विकरांना रोखणाऱ्या गोळ्या तर प्रतिकारपेशी आणि मज्जातंतू या दोहोंच्या आतला निरोप तोडतात, आणि म्हणूनच काही रुग्णांत चट्टे निवळण्याआधीच खाज कमी होते. ही औषधे महाग आहेत, देखरेखीशिवाय घेण्याजोगी नाहीत, आणि सौम्य इसबाला त्यांची गरजही नसते. अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच लावलेले साधे मॉइश्चरायझर, आखूड नखे आणि खाज सुटताच दाबून धरलेला थंड पाण्याचा कपडा यांनी चक्राची एखादी कडी तरी सैल होते. गारव्याचे संकेत कण्यात खाजेला आवर घालतात.

राहता राहिली स्टिरॉइड मलमे. इसबात डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवसांपुरती ती उत्तम काम करतात आणि त्यांची अवाजवी भीती बाळगू नये. गजकर्णात मात्र तीच मलमे घात करतात. तेथील खाज म्हणजे बुरशीविरुद्ध प्रतिकारसंस्थेने चालवलेल्या लढाईचा परिणाम असतो. स्टिरॉइड लावले की लढाई थांबते, दोन दिवसांत खाज जाते, माणूस खूश होतो आणि बुरशी निर्वेधपणे पसरत राहते. चट्ट्याची ओळखीची गोल कडा पुसट झाल्याने पुढे डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. स्टिरॉइड, जिवाणूनाशक आणि बुरशीनाशक एकत्र कोंबलेली मलमे औषधांच्या दुकानात सर्रास मागितली आणि दिली जातात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली, तरी काउंटरवरचे चित्र फारसे पालटलेले दिसत नाही. जांघेत किंवा कंबरेला खाजरा गोल चट्टा असेल, तर घरातल्या कोणाला लागू पडलेली ट्यूब उचलून लावण्याआधी तिच्यावरच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन ही नावे आहेत का ते पाहावे, आणि असल्यास ती बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.